हळदीला भाई दिसला पाहिजे

कॉम्प्युटर बिघडला की लोक पहिल्यांदा त्याला थापटतात, दूध चोरणाऱ्या म्हशीला थापटावं तसं. मग बंद करून पुन्हा लावतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, बाईंना फोन करा." त्या बाई म्हणजे मी. रत्नागिरीत बरीच वर्षं माझा टायपिंगचा क्लास होता, त्यामुळे निम्म्या गावाची मी बाईच. काकी, मावशी, आजी हे सगळं नंतरचं.

आता तुम्ही विचाराल, टायपिंगवाल्या बाईला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? काही म्हणजे काही कळत नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली क्लासला मुलं येईनाशी झाली. येणारा तो दारातूनच विचारायचा, "बाई, कॉम्प्युटर शिकवता का?" शेवटी मनाचा हिय्या केला आणि कोल्हापूरहून एक जोडून घेतला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, मॉनिटर मांडीवर धरून मी घाट उतरले. माहेरवाशीण बाळ घेऊन येते तशी.

पहिल्याच पावसाळ्यात त्यानं मान टाकली. बटण दाबलं की नुसता पीं पीं ओरडायचा, पडदा काळाठिक्कर. कोल्हापूरच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, "गणपती झाले की येतो." आषाढ चालू होता तेव्हा. गणपतीपर्यंत मुलांना काय शिकवू, कपाळ? शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डबा उघडला. आतल्या मेमरीच्या पट्टीला सोनेरी दात असतात, ते देवाच्या चांदीच्या ताम्हनासारखे काळे पडले होते. आपल्याकडची हवाच तशी. समुद्राचं मीठ आणि पावसाची ओल, मिक्सरच्या पात्यापासून सायकलच्या घंटीपर्यंत काही सोडत नाही. मग ह्याला कोण सोडणार? मी मुलांचं खोडरबर घेतलं, दात घासून लख्ख केले, पट्टी परत बसवली आणि बटण दाबलं. चालू. आमचे हे दारात उभं राहून सगळं बघत होते. म्हणाले, "आता हातासरशी फ्रीजही उघडून टाक."

तिथून जे सुरू झालं ते झालंच. पुढं पुस्तकं आणली, डिक्शनरी घेऊन वाचली, खूप बिघडवलं, थोडं दुरुस्त केलं. आणि फोन यायला लागले. माझी औषधंही सगळी घरगुती. माउस अडखळतोय? त्याला उलटा करा, पोटातली गोळी काढा, आतल्या रुळांना मळाची दोरी गुंडाळलेली असेल ती नखानं सोडवा. पावसाळ्यात कॉम्प्युटर रुसतो? त्याच्या टेबलाखाली बारका बल्ब लावून ठेवा, कपड्यांच्या कपाटात ठेवतो तसा. इंटरनेट सारखं तुटतं? स्वयंपाकघरातला फोन कोण उचलतंय ते बघा, दोघांची लाईन एकच. आणि मे महिन्यात वळवाचे ढग गडगडले की आधी मोडेमची वायर भिंतीतून काढायची, मग वाळवणं आत घ्यायची. हा क्रम ज्यांनी चुकवला त्यांचे मोडेम जळले आणि ज्यांनी पाळला त्यांची कोकमं भिजली. पण कोकमं परत वाळतात.

माझा एक प्रश्न मात्र ठरलेला. फोन आला की मी आधी विचारायची, "बिघडायच्या आधी घरात काय नवीन झालं?" कारण कॉम्प्युटर आपण होऊन फारसा बिघडत नाही. घरात काहीतरी हलतं आणि त्याचा त्रास त्याला होतो. तुळशीची कुंडी सरकवली तर तुळस रुसते, तसंच. लोकांना तो प्रश्न आवडायचा नाही. "काही नाही हो, होतं तस्संच आहे सगळं." सगळ्यांचं हेच उत्तर.

मांडवीच्या आपांचंही तेच होतं.

आपा म्हणजे माझ्या क्लासमधल्या एका मुलीची आई. मांडवीला समुद्राच्या बाजूला त्यांचं घर. मालक बोटीवर होते, ते लवकर गेले. मागे मोठा मुलगा आणि ही मुलगी. मुलगा मिसरूड फुटायच्या वयातच वायरमनचं काम शिकला आणि कुवेतला गेला. बहिणीची फी त्याची, सायकल त्याची, टायपिंगची परीक्षा पास झाल्याचे पेढे माझ्या घरी आले तेही त्यानं तिकडून सांगितलं म्हणून. ही त्याला भाई म्हणायची, पण वडलांना घाबरावं तशी घाबरायची आणि वडलांकडे करावा तसा हट्टही करायची.

सुट्टीवर आला तेव्हा त्यानं घरात कॉम्प्युटर आणला, कॅमेरा आणला आणि आईला शिकवून गेला. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो तिकडच्या नेटच्या दुकानात बसायचा आणि ह्या इकडे. चित्र केवढं, तर पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि हललं की चौकटी चौकटी व्हायच्या. पण आपा त्या तिकिटाकडे बघून सांगायच्या, "बारीक झायलायस रे. मेसचं जेवण सोड."

त्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं, आणि नेमकी भाईला रजा मिळाली नाही. कंपनीचं काम अडलेलं. त्यानं तिकडून समजूत काढली, हिनं इकडे रडून घेतलं. शेवटी ठरलं की हळद शुक्रवारी ठेवायची, म्हणजे तो कॅमेऱ्यावर येईल. हिनं अट घातली ती घातलीच: भाई दिसल्याशिवाय आणि त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. हळद लावायची तर त्याच्या डोळ्यांसमोर.

आणि हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"बाई, मशीन चावतंय," आपा म्हणाल्या.

"चावतंय म्हणजे?"

"हात लावला की मुंग्या येतात. आणि पोराचा आवाजच नाय. नुसता भुंगा शिरलाय आत. चित्र येतं, थांबतं, लाईन तुटते. काल पोरीनं त्याला दुकानात बोलावून घेतलान मुद्दाम बघायला, तर हे असं."

"घरात नवीन काय झालं?"

"काय सुद्धा नाय. लग्नाचं घर हाय, सगळं चकाचक केलंय फक्त."

हे "फक्त" मी तिथंच धरायला हवं होतं. पण मी लागले माझ्या पाढ्यावर. स्वयंपाकघरातला फोन काढून ठेवा. माइकची पिन काढून पुसा, परत घाला. मिक्सर बंद करा. मांडववाल्याच्या दिव्यांची माळ त्याच बोर्डावर आहे का? ती काढा. नवरी स्वतः टेबलाखाली शिरून एकेक करत होती आणि तिथूनच ओरडून सांगत होती, "नाय बाई, भुंगा तसाच."

मग तिनं फोन घेतला. ही मुलगी क्लासमध्ये अगदी चिमणीएवढ्या बारीक आवाजात बोलायची. त्या दिवशी म्हणाली, "बाई, उद्या तुम्ही या. नाय आलात तर माझी हळद होत नाय."

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून मी पिशवी भरली. स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, खोडरबर, एक जास्तीची केबल. वर नवरीसाठी साडीही घेतली. रिक्षावाल्याला मांडवी सांगितलं तर म्हणतो, "लग्नाला की दुरुस्तीला?" मला ओळखायचे तोवर सगळे.

आपांच्या दारात उतरले आणि आधी मला वाटलं, रिक्षावाल्यानं भलतीकडेच सोडलं. नेहमी त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं की मासळीचा वास स्वागताला यायचा. नळाजवळ एक दगड होता, तिथं सकाळ-संध्याकाळ बांगडे, बोंबील, काय असेल ते धुणं चालायचं, मांजरं रांगेत. त्या दिवशी तिथं मोगऱ्याचा आणि अत्तराचा घमघमाट. अंगणात नवीकोरी शहाबादी फरशी, पांढऱ्या सिमेंटच्या रेघा, भिंतीशी मोगऱ्याच्या कुंड्या. मांडवाच्या झालरी. मांजरं बिचारी कुंपणावर.

"काय बाई, कसं दिसतंय?" आपांनी विचारलं. त्यांच्या तोंडावर नवरीच्या आईचा तो एक थकलेला आनंद होता.

"हॉटेलसारखं," मी म्हटलं.

"मुलाकडच्या बाया पायातल्या चपला हातात घेतील बघा."

आत नवरी पिवळ्या कपड्यात कॉम्प्युटरसमोर बसलेली, डोळे सुजलेले. भोवती आत्या, मावश्या, शेजारणी. गाणाऱ्या बायका एका बाजूला पान लावत होत्या. पाट मांडलेला, वाटीत हळद कालवलेली. आणि सगळ्यांची नजर माझ्या पिशवीवर, डॉक्टर आल्यासारखी.

मी डब्याला टेस्टर लावला. टेस्टरातला दिवा मिणमिणला. म्हणजे जो करंट गपचूप जमिनीत जायला हवा तो डब्यावर येऊन बसला होता आणि तोच भुंगा होऊन माइकमध्ये गुणगुणत होता. अर्थिंग गेलेलं. निदान झालं, मला बरं वाटलं.

"आपा, अर्थिंग कुठंय तुमचं?"

आपांना रागच आला. "बाई, अर्थिंग माझ्या पोरानं सोताच्या हातानं घातलंय. खड्डा त्यानं खणलान, कोळसा त्यानं घातलान, मीठ त्यानं घातलान. त्यात खोट निघायची नाय."

"खोट काढत नाही हो. कुठंय ते सांगा."

"भाईर. नळाजवळ."

मी बाहेर आले. नळाजवळ फरशी. खड्डा नाही, पाइप नाही, काही नाही. मी तिथंच उभी राहून विचार करत होते, तेवढ्यात आपांची बहीण, नवरीची खाला, जेट्टीवरून डोक्यावर पाटी घेऊन आली. पाहुण्यांच्या रात्रीच्या जेवणाची सुरमई होती तिच्यात. खालाची उंची बेताची, पण आवाज शिडाच्या होडीला पुरेल एवढा.

"काय गो, मासे कुठं धुवू?"

"मागल्या दारी," आपा आतून ओरडल्या. "पुढं एक थेंब सांडलास तर बघ. नवी फरशी हाय."

"जल्मभर पुढंच धुतले की आपण. आता काय माशांना लाज वाटते?"

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला, टेस्टरपेक्षा मोठा.

तुम्हांला आपली जमीन माहीत आहे. जांभा. चाळणीसारखा दगड. पाणी पितो, पण ठेवत नाही. पावसात तुडुंब आणि उन्हाळ्यात ठणठणीत. अर्थिंगचा खड्डा ओला असेल तरच करंट जमिनीत उतरतो, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालावं लागतं. भाईच्या खड्ड्याला कुणी मुद्दाम पाणी घालत नव्हतं. पण पोरगं हुशार, त्यानं खड्डा खणला होता तो नेमका मासे धुण्याच्या दगडाशेजारी. रोजचं खारट पाणी आपसूक त्यात मुरत होतं. लग्न आलं, आपांनी दगड उचलून मागच्या दारी नेला आणि खड्ड्यावर फरशी घालून वर सिमेंट भरलं. वरून चकाचक, खाली खड्डा तहानलेला.

मी आपांना बाहेर बोलावून हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचं इंटरनेट मासळीच्या पाण्यावर चालत होतं?"

"तसंच म्हणा."

"आणि आता?"

"आता एक फरशी काढावी लागेल."

मुलाकडच्या बायका यायला फार वेळ राहिला नव्हता. फरशी दारासमोरची, बरोबर जिथून पाहुणे आत येणार तिथली. आपांनी त्या फरशीकडे बघितलं. गेले कित्येक दिवस त्या गवंड्याच्या मागे उभ्या राहिल्या होत्या, रेघ वाकडी गेली म्हणून त्याला दोनदा उखडायला लावली होती, हे मला नंतर कळलं. आतून नवरी दारात येऊन उभी राहिली. आईकडे बघत राहिली फक्त.

"लोक काय म्हणतील?" आपा म्हणाल्या, पण आमच्यापैकी कुणाला नाही.

"म्हणतील नवरीच्या आईनं दारात खड्डा खणलान," खाला म्हणाली. "म्हणू दे. नवरी रुसून बसली तर त्याहून जास्त म्हणतील."

आपांनी ओढणी कमरेला खोचली. "पहार आण गो," त्या बहिणीला म्हणाल्या. "कुणी माझ्या आधी हात लावायचा नाय. मी घातलेय, मीच काढीन."

मी आधी घराचा मेन स्विच बंद करायला लावला. हे तुम्हीही लक्षात ठेवा, अर्थिंगच्या वायरीजवळ लोखंड न्यायचं तर आधी मेन बंद. मग आपांनी कडेच्या सिमेंटवर पहार मारली. पहिल्या घावाला त्यांनी डोळे मिटून घेतले, दुसऱ्याला उघडे ठेवले. तिसऱ्यापासून त्यांना मजा यायला लागली असावी, कारण गवंड्याला शिव्या सुरू झाल्या. फरशी उचकटली. खाली भाईनं पुरलेला पाइप, त्याच्या टोकाला फनेल, आणि भोवतीची माती मिशरीसारखी कोरडी.

बादली ओतली. माती स्स्स करून प्यायली आणि परत कोरडी. दुसरी बादली. मूठ मूठ मीठ. पुन्हा बादली. बायकांची साखळी झाली, नळावरून हातोहात. गाणाऱ्या बायकांपैकी एक पान चघळत म्हणाली, "नवरीच्या आधी ह्याचीच अंघोळ झाली."

"मंग हे पाणी फुकट कशाला घालवता?" खाला म्हणाली. तिनं मागच्या दारचा दगड सरळ उचलून आणला, खड्ड्याच्या काठाला टेकवला, बैठक मारली आणि सुरमई धुवायला घेतली. नव्या फरशीवर, मोगऱ्याच्या कुंड्यांच्या मधोमध. कुंपणावरची मांजरं खाली उतरली. आपांनी कुंड्या तेवढ्या बाजूला सरकवल्या.

मेन चालू केला. मी आत जाऊन डब्याला टेस्टर लावला. दिवा नाही. पुन्हा लावला. नाही. नवरी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिचा श्वास माझ्या कानावर येत होता. मोडेमनं त्याचं ते किर्रर्र खर्रर्र रडगाणं म्हटलं, जोडणी झाली, आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर तिकिटाएवढा भाई उमटला. आधी कपाळ, मग मिशी, मग उरलेला.

"सलाम आलेकुम. येतंय का ऐकू?" भाई म्हणाला. भुंगा नाही, काही नाही. शेजारच्या खोलीतून बोलावं तसा.

नवरीच्या आधी खालाच तिच्या मागून, हातात सुरमईची शेपटी तशीच धरून, ओरडली, "येतंय रे. तू दिसतोस पण. आईनं तुझ्यासाठी फरशी फोडलान."

"कुठली फरशी?"

"ते तू नको विचारू आता," आपा म्हणाल्या. "गप बघ."

नेमक्या त्याच वेळी मुलाकडच्या बायका आल्या. त्यांनी काय बघितलं असेल? दारात खड्डा, खड्ड्याकाठी दगड, दगडावर मासे, आणि घरातली एकूण एक बाई अंगणाकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर. नवऱ्याची आई उंबऱ्यावर थबकली. आपांनी पुढं होऊन सगळं एका दमात सांगितलं, भाई, अर्थिंग, जांभा, मासळी. ती बाई राजापूरची. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडंही कॉम्प्युटर उन्हाळ्यात चावतो. आम्ही पायात रबरी चपला घालून बसतो." मग माझ्याकडे वळून, "आम्ही कुठलं पाणी घालायचं? आमच्याकडं समुद्र नाय."

"साधं चालतं," मी म्हटलं. "रोज एक बादली, आणि मधूनमधून मूठभर मीठ."

नवरी पाटावर बसली. पाट कॅमेऱ्यासमोर ओढला होता. बायकांनी गाणी धरली, कोकणीतली जुनी, भावाची आणि बहिणीची. पहिली हळद कुणी लावायची म्हणून आपा वाटी उचलतात तोच पडद्यातून आवाज आला, "थांबा. आधी मी."

"तू कसा लावणार रे?" आपा म्हणाल्या.

भाईनं खिशातून कागदाची पुडी काढली. मेसच्या स्वयंपाक्याकडून हळद आणली होती त्यानं. तळहातावर घेतली, दुकानातल्या गारढोण बाटलीतलं पाणी टाकून कालवली आणि बोट पुढं आणलं. आम्हांला वाटलं, नुसता दाखवतोय. बोट मोठं मोठं होत गेलं आणि आमचा सगळा पडदा पिवळा झाला. त्यानं कॅमेऱ्याच्या काचेवरच हळद लावली होती.

मग जे हशे उसळले ते मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत गेले असतील. नवरी हसता हसता रडत होती, रडता रडता तिनं आपला गाल त्या पिवळ्या पडद्याजवळ नेला आणि आपांनी तिथंच, पडद्याला टेकलेल्या गालावर, हळद लावली. आत भाई दिसत नव्हताच आता, पण आवाज स्पष्ट येत होता. आणि त्याच्या मागून दुसरा एक आवाज, दुकानदाराचा, चढत चाललेला. भाषा कळली नाही, पण कॅमेरा कुणाचा आहे ते कळत होतं.

"बाई," पडद्यातून भाई म्हणाला, "तुम्ही हायत ना तिथं?"

"आहे रे बाबा."

"ह्या माणसाला मी काय सांगू? काचेवरची हळद कशानं जाते?"

गाणाऱ्या बायका माझं उत्तर ऐकायला थांबल्या. मी म्हटलं, "कापसाला थोडं स्पिरिट लाव आणि हलक्या हातानं पूस. आणि हे बघ, लगेच पुसू नको. आधी गाणं संपू दे."